बरडीवरच्या झाडांमागे कुणी उरलंय का, ते असं तपासा

आमच्या चोपडा-यावलकडे सातपुड्याच्या पायथ्याला केळी-कपाशीच्या मधोमध एखादी बरडी, म्हणजे मुरमाड, खडकाळ माळ, अजून टिकून आहे. अंजन, सलई, धावडा उभे दिसतात आणि रान वाचलं असं वाटतं. पण भोवतालचं जंगल तुटल्यावरही जुनी झाडं कित्येक दशकं तग धरतात. एस्टोनियातल्या कुरणांवरच्या २००६च्या अभ्यासात वनस्पतींच्या जातींची संख्या आजच्या कुरणाशी जुळलीच नाही, ती ७० वर्षांपूर्वीच्या मोठ्या कुरणाशी जुळली. कुरण आटलं होतं, जाती जायच्या बाकी होत्या. म्हणून बरडीवर उभ्या झाडांखाली नवी पिढी येतेय का, ते बघायचं.

ऑक्टोबरात जा. टेप, सुतळी, खुरपं, वही एवढं पुरे. सुतळीने १० बाय १० मीटरचे चौकोन आखा, एक आत, एक कडेला. जमिनीपासून १.३७ मीटरवर प्रत्येक झाडाचा घेर मोजा. मग खाली बसून रोपं शोधा. अंजन लगेच कळतं: देठाच्या टोकाला दोनच पानं, बुडाशी जुळलेली.

खरं काम पुढे आहे. रोपाच्या बुडाची माती हलकेच उकरा. वर वीतभर शेंडा आणि खाली बोटाएवढं जाड मूळ असेल, तर ते यंदाचं नाही. वणव्यात, चराईत वरचा भाग जातो आणि पावसाळ्यात तेच मूळ पुन्हा फुटतं. सलई, टेंभुर्णी वर्षानुवर्षं अशीच राहतात. बियांतून नुकतं आलेल्याचं मूळ बारीक असतं. तोडलेल्या खोडाचा फुटवा वेगळा लिहा, ते जुनंच झाड. माती परत दाबायला विसरू नका.

वहीत मोठे घेर भरपूर आणि मधले कोरे, ही धोक्याची खूण. तरी एका वर्षावर निकाल लावू नका. अंजनाला दरवर्षी भरपूर शेंगा येत नाहीत. रोपांशेजारी दगड ठेवा आणि मे अखेरीस कोणती जगली ते बघा.

जगलेल्यांभोवती बोरीचे काटे लावा. उन्हाळ्याआधी कडेने जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारी गवत काढलेली पट्टी, काढा. शेळ्यांसाठी अंजन छाटणाऱ्या दादांशी बसून बोला. चार झाडं न छाटता सोडली तरी शेंगा धरतील. त्यांचाही चाऱ्याचा प्रश्न खरा आहे, म्हणून झाडं त्यांनाच निवडू द्या. पिकलेल्या चपट्या शेंगा वाऱ्याने उडून नांगरटीत पडतात आणि वाया जातात. त्या वेगवेगळ्या झाडांखालून गोळा करा आणि पहिल्या पावसाला पुढच्या बरडीकडे जाणाऱ्या बांधावर टोबा.