जॅकेट आतून उलटं करा

आमच्या दुकानात बाइकवर घालायचं रायडिंग जॅकेट घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी कोपराचं पॅड दाबून बघतं आणि विचारतं, “सीई आहे ना?”, म्हणजे युरोपीय सुरक्षा नियमांची खूण आहे ना. मी जॅकेट आतून उलटं करून त्यांच्या हातात देते. बाहेर लटकणारा ‘सीई लेव्हल २ आर्मर’चा टॅग फक्त पॅडबद्दल बोलतो. कापड आणि शिवण तपासली आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. आणि घसरताना बाही फाटली, तर कितीही भारी पॅड असलं तरी ते कोपरावर राहत नाही.

आत शिवलेल्या लेबलवर मोटारसायकलस्वाराचं चित्र, सीईची खूण आणि ईएन १७०९२ हा क्रमांक शोधा. हे २०२० सालचं युरोपीय मानक. सोबत श्रेणी असते: सगळ्यात वर एएए, मग एए, मग ए. बी म्हणजे कापड एच्या तोडीचं, पण पॅड नाहीत. सी म्हणजे नुसती पॅड बसवलेली जाळी. ती दुसऱ्या रायडिंग जॅकेटच्या आत किंवा वर घालायची, एकटी नाही.

चाचणीत कापडाचे तुकडे यंत्रावर गरगर फिरवून काँक्रीटच्या लादीवर सोडतात. खांदा, कोपर, गुडघा असे आधी टेकणारे भाग एएएसाठी ताशी सुमारे १२० किलोमीटर वेगाला टिकावे लागतात, एएसाठी ७०, एसाठी ४५. हे यंत्राचे वेग आहेत. ‘सत्तरपर्यंत मला काही होत नाही’ असा अर्थ कृपा करून काढू नका. रस्त्यावर दुभाजक असतो, मागून ट्रक येत असतो.

माझं मत विचाराल तर पुणे-कोल्हापूर हायवेला एए घ्या. रोज ऑफिसला जायला ए श्रेणीचं जाळीदार जॅकेट चालेल, कारण मे महिन्यात एएए लेदर घरीच राहतं आणि माणूस टी-शर्टवर निघतो.

पॅडवर वेगळा क्रमांक असतो: ईएन १६२१. पुढे १ असेल तर हातपाय, २ पाठ, ३ छाती. ५० जूलचा घाव घालून पलीकडे सरासरी किती बल पोचतं ते मोजतात. पाठीच्या लेव्हल १ला १८ किलोन्यूटनपर्यंत चालतं, लेव्हल २ला ९ पर्यंत, म्हणजे थेट निम्मं. म्हणून पैसे कमी असतील तर ते पाठीवर खर्च करा. अनेक जॅकेटांत पाठीच्या खिशात नुसता फोमचा तुकडा येतो, ज्यावर एकही क्रमांक नसतो. तो काढून प्रमाणित पॅड घाला. ‘टी+’ दिसलं तर उत्तम: ते पॅड ४० अंश सेल्सिअस तापमानालाही तपासलेलं असतं, आणि आपल्याकडे त्याची गरज आहे.

हातमोज्यांना ईएन १३५९४, बुटांना ईएन १३६३४. हातमोज्यांवर ‘केपी’ असेल तर बोटांच्या सांध्यांवरचं कवचही तपासलेलं आहे.

हेल्मेटला आपल्याकडे १ जून २०२१ पासून आयएसआय सक्तीचं आहे आणि परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळता येतो. जॅकेटला तशी सक्ती नाही, त्यामुळे चौकशी तुम्हालाच करावी लागते. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडे आतल्या लेबलचा फोटो मागा. सोबतच्या पुस्तिकेत तपासणी करणाऱ्या संस्थेचं नाव आणि चार आकडी क्रमांक असायला हवा. नुसतं ‘सीई टेस्टेड’ लिहून मानकाचा क्रमांक देत नसतील, तर मी ते जॅकेट घेणार नाही.

मापाचंच घ्या. हात वाकवल्यावर पॅड कोपरावरून सरकत असेल तर एक साइझ लहान बघा. मोठं घेऊन गल्लीतल्या शिंप्याकडून आत घेऊ नका: शिवणीची ताकदही त्याच चाचण्यांत मोजलेली असते, आणि उसवून साध्या दोऱ्याने शिवलेल्या बाहीला ते लेबल लागू राहत नाही.