बाक काढायचा कशाने?

ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून पहिली सुरी करायला घेतली तेव्हा वाटलं होतं, खरं काम धारेचं. पण निम्मे दिवस गेले पाट्याचा बाक काढण्यात.

नवीन मुलं हमखास विचारतात, सरफेस ग्राइंडर (फिरत्या दगडाने पट्टी सपाट घासणारं यंत्र) घेऊ का? माझ्याही डोक्यात तेच होतं. ऐपत नव्हती, म्हणून एमआयडीसीतल्या एका शॉपमध्ये जॉबवर्कला पट्टी दिली. पट्टी धरून ठेवणाऱ्या चुंबकी चकवर ती झकास सपाट झाली. चुंबक सोडला आणि बाक परत हजर! चूक माझीच होती. चुंबक वाकडी पट्टी ओढून सरळ धरतो, दगड वरून घासतो, आणि सुटली की पट्टी मूळ वळणावर जाते. खालच्या पोकळीत शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) घालून घासलं तर ती बाजू खरी होते. पण त्यासाठी मुळात बाक थोडा असावा लागतो.

म्हणून आधी भट्टी आणि ऐरण. लालकेशरी तापवून कडा गोल केलेल्या हातोड्याने ठोकायचं. धारदार कडांचा हातोडा खड्डे पाडतो आणि ते घासताना जाडी जाते. मग चुंबक चिकटेनासा होईल त्याच्या थोडं वर तापवून रात्रभर राखेत पुरायचं, म्हणजे पोलाद मऊ पडतं. ऐरण म्हणून रुळाचा तुकडा सगळे सुचवतात, पण त्याचा माथा फुगीर असतो. शिवाय चोरीचा निघाला तर रेल्वे मालमत्तेच्या 1966 च्या कायद्याखाली गुन्हा. भंगारातला जाड पोलादी ठोकळा बरा.

हायड्रॉलिक प्रेस सुरुवातीला नकोच.

पैसे घालायचे ते 2 बाय 72 इंची बेल्ट ग्राइंडरमध्ये. त्यातही मोटरपेक्षा आधी प्लॅटन, म्हणजे घासपट्ट्यामागची सपाट आधारपट्टी, बघा. साध्या लोखंडाचा प्लॅटन पट्ट्याने झिजून मध्ये खोलगट होतो आणि तुम्ही महिनाभर स्वतःच्या हाताला दोष देत बसता. मी बसलो होतो. गुण्याची (काटकोनी मापाची) कड त्याला लावून उजेडासमोर धरा. फट दिसली की दुरुस्त करा. त्यावर सिरॅमिक काचेची पट्टी चिकटवली की बराच काळ टिकतो.

शेवटचा हात मात्र यंत्राचा नाही. जाड काच, तिच्यावर 120 नंबरचा पॉलिश पेपर, पट्टीवर मार्करच्या रेघा. जिथली रेघ पुसली गेली तो उंचवटा, जिथे राहिली तो खळगा. फुटकळ खर्चात इतकं खरं सांगणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

पाणी दिल्यावर, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक केल्यावर (म्हणायचं पाणी, या पोलादाला देतो तेलात) पातं पुन्हा थोडं वळतंच. तेव्हा ठोकू नका, तडकेल. मी फुगीर बाजू खाली करून ते जाड लोखंडी अँगलवर ठेवतो, मधोमध खाली एक रुपयाचं नाणं सरकवतो, दोन्ही टोकं क्लॅम्पने आवळतो आणि तसंच 200 अंश सेल्सिअसला दोन तास ओव्हनमध्ये. नाणं काळंनिळं पडलंय, पण अजून तेच वापरतो.