रिकामा कंटेनर दारात लागण्याआधी

उद्या सकाळी उरणकडच्या यार्डातून रिकामा कंटेनर रबाळ्याला आपल्या गेटवर येणार असेल, तर आज संध्याकाळीच टेप घ्या आणि सगळ्यांत उंच क्रेट पॅलेटसकट मोजून कागदावर लिहा. साध्या वीस किंवा चाळीस फुटीची आतली उंची साधारण २.३९ मीटर असते, पण दाराच्या चौकटीत ती २.२८ मीटरच्या आसपासच मिळते. माल आधी दारातून जायचा असतो, हे एकदा माझ्या ध्यानातून गेलं. क्रेट होती २.३२ मीटरची. बुकिंगमध्ये मी नुसतं 'चाळीस फुटी' लिहिलं होतं, हायक्यूब, म्हणजे जास्त उंचीचा कंटेनर, असं लिहायचं राहिलं. फोर्कलिफ्टवर उचललेली क्रेट चौकटीला अडली, ट्रेलर तसाच परत गेला आणि ती शिपमेंट पुढच्या जहाजावर गेली. हायक्यूब साध्यापेक्षा एक फूट जास्त उंच, दारात सुमारे २.५८ मीटर, तिथे ती सहज बसली असती.

म्हणून ट्रेलर आत घ्यायच्या आधी, ड्रायव्हर चहा घेतोय तोवर, दारांवरचा नंबर वाचा. पहिली तीन अक्षरं मालकाची, चौथं बहुधा यू, मग सहा आकडे आणि छोट्या चौकोनात लिहिलेला सातवा. हा सातवा आकडा आधीच्या अक्षरा-आकड्यांवरून गणित करून काढलेला असतो, त्यामुळे एखादा आकडा चुकीचा उतरवला तर बहुतेक वेळा तो तिथेच पकडला जातो. फोटो काढाच, पण हातानेही लिहून घ्या.

नंबराखालचा चार खुणांचा कोड सावकाश वाचा. पहिली खूण लांबीची: २ म्हणजे वीस फूट, ४ म्हणजे चाळीस, एल म्हणजे पंचेचाळीस. दुसरी उंचीची: २ असेल तर साडेआठ फूट, ५ असेल तर साडेनऊ. म्हणजे ४५जी१ हा पंचेचाळीस फुटी नव्हे, चाळीस फुटी हायक्यूब. नवी मुलं इथे हमखास फसतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही, आकडाच तसा दिसतो. पुढचं अक्षर प्रकाराचं: जी साधा ड्राय, आर रीफर (थंड ठेवायच्या मालाचा), यू ओपन टॉप (वरून उघडा), पी फ्लॅट रॅक (छत आणि लांब बाजू नसलेला), टी टँक. हायक्यूबला वरच्या कोपऱ्यांवर पिवळे-काळे पट्टेही असतात. लांबून ओळखायला ते ठीक, पण नोंद कोडवरूनच करा.

दारावरचं टेअर, म्हणजे रिकाम्या कंटेनरचं वजन, टिपून ठेवा. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही, आणि माल व पॅकिंगच्या वजनात टेअर मिळवून ते काढायचं असेल तर हा आकडा लागतोच.

पावसाळा असेल तर एकाने आत उभं राहायचं, बाहेरच्याने दारं लावायची. छतातून उजेडाचा ठिपका दिसला, तर तो कंटेनर भरू नका. दुसरा मागवा.