११८ एनईला दोष देण्याआधी तिचे बुश तपासा

पद्मिनी मोटार दिसली की लोक फोटो काढतात, काँटेसा बघायला थांबतात. प्रीमियर ११८ एनई मात्र कुणाच्याच खिजगणतीत नाही. १९८५ साली आलेल्या या गाडीचा सांगाडा फियाट १२४ च्या घराण्यातला, इंजिन निसानचं, ११७१ सीसीचं. पुढच्या सस्पेन्शनला डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म. मागे अखंड ॲक्सल असला तरी पाट्यांऐवजी (लीफ स्प्रिंगऐवजी) कॉइल स्प्रिंग आणि ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा पॅनहार्ड रॉड. पद्मिनीला मागे पाटेच होते. चालीत ही गाडी उजवी असूनही आपल्याकडे तिच्याबद्दल ऐकू येतं ते हेच: पुढून खडखडते, चोर्ला घाटात वळणावर मागून हलते. हा दोष बहुतेक वेळा तिच्यात नंतर बसवलेल्या मालाचा असतो. खप नाही म्हणून तिचा नीट माल बनत नाही, आणि "फियाटचाच हाय, बसतोय की" म्हणत जवळपासच्या मापाचं काहीही ठोकून बसवलं जातं.

सुरुवात बुशपासून करा. बुश म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यातला, दोन नळ्यांमध्ये रबर असलेला तुकडा. बुशची आतली नळी बोल्टने ब्रॅकेटला घट्ट आवळलेली असते, बाहेरची आर्मच्या डोळ्यात, म्हणजे भोकात, दाबून बसलेली. आर्म वर-खाली होतो तेव्हा यातलं काहीच फिरत नाही, मधलं रबर पिळतं. त्यामुळे रबर दोन्ही नळ्यांना चिकटलेलं असणं हाच बुशचा जीव. दुकानात बुश हातात घेतला की काठावर अंगठ्याचं नख रोवा. रबर नळीपासून सुटताना दिसलं तर तो परत द्या. नख दाबल्यावर खूण लगेच भरून यायला हवी. बोटाला काळं लागत असेल किंवा जळक्या टायरसारखा उग्र वास येत असेल, तर जुनं रबर दळून वापरलेलं असण्याची शक्यता मोठी. असा बुश खानापूरकडच्या एका पावसाळ्यातही फाटू शकतो.

मग व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) लावा. बुशचं बाहेरचं माप आर्मच्या डोळ्यापेक्षा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास मोठं हवं. हाताने आत सरकणारा बुश डोळ्यातच फिरेल आणि पुढे डोळाही खाईल. आतल्या नळीची लांबीही जुन्या नळीशी ताडून पाहा. ती आखूड असेल तर बोल्ट आवळूनही ब्रॅकेट तिला धरत नाही, आणि तोच तो खडखडाट.

जुन्या पेटीतला, न वापरलेला कंपनीचा बुश मिळाला तर हुरळून जाऊ नका. लोखंड टिकलं असेल, पण वीस-पंचवीस वर्षं कपाटात राहिलेलं रबर कडक होतं. पिळून पाहिल्यावर बारीक भेगा दिसल्या तर तो माप घेण्यापुरता ठेवा. म्हणूनच जुने बुश काढल्यावर भंगारात टाकू नयेत. शाबूत नळ्या असल्या की त्यांवर नवं रबर चिकटवून घेता येतं, नाहीतर बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर नळ्या वळवून घ्याव्यात. रबराची कडकपणाची मागणी तोंडी सांगू नका, शोर ए ६० ते ७० असं लिहून द्या. पॉलियुरेथेन टिकतं, पण ते रबरासारखं पिळत नाही. त्याला आतल्या नळीवर फिरायला जागा आणि सिलिकॉन ग्रीस लागतं, नाहीतर किरकिर सुरू होते.

बुश बसवताना बाहेरच्या नळीच्याच मापाचा पाइप ठेवून दाबा, आतल्या नळीवर दाब नको. ऑइल लावू नका, साबणाचं पाणी पुरतं. सगळ्यात मोठी चूक पुढेच होते: चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले जातात. गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट आधी सैल ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-चार वेळा दाबून हलवा, मगच शेवटचा आवळ द्या. मागच्या पॅनहार्ड रॉडलाही हाच नियम. वळणावर मागचं हलणं बऱ्याचदा या एका रॉडच्या दोन बुशांनी थांबतं.

बॉल जॉइंट (आर्म आणि चाकाची बाजू जोडणारा गोळीचा सांधा) पाहताना जॅक लोअर आर्मखाली लावा, बॉडीखाली नको; बॉडीखाली लावल्यास स्प्रिंगचा दाब जॉइंटवर राहतो आणि प्ले, म्हणजे ढिलेपणा, लपतो. चाकाखालून पहारीने उचलून बघा. नवा जॉइंट हाताने फिरवला तर सगळीकडे सारखा जड लागायला हवा. कुठे मोकळा, कुठे अडखळणारा जॉइंट नको. टेपरवर (जॉइंटच्या निमुळत्या दांड्यावर) मार्करच्या शाईचा पातळ थर द्या, नकलमध्ये (चाक धरणाऱ्या तुकड्यात) बसवून काढा. शाई फक्त एका काठावर पुसली गेली असेल तर टेपर चुकलाय, आणि जॉइंटचा नट कितीही आवळला तरी सैल होणार. कॅसल नटला स्प्लिट पिन नवीच घाला.

स्प्रिंग नुसत्या उंचीवर घेऊ नका. तारेची जाडी मोजा, कारण ताठपणा जाडीच्या चौथ्या घातावर चालतो: १२ मिमीऐवजी ११.५ मिमी तार निघाली, बाकी सगळं सारखं असलं, तरी स्प्रिंग सुमारे १६ टक्के मऊ. वेढे मोजा, आणि डावी-उजवी शेजारी उभी करून उंची ताडा. स्प्रिंग काढताना कॉम्प्रेसर वापराच, तारेने बांधून काढण्याच्या नादात हात जातात.

शॉकअप नेहमी जोडीनेच बदला. आडवा पडून राहिलेल्या शॉकअपमध्ये हवा शिरते, म्हणून बसवण्याआधी उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण ओढा-दाबा. दाबताना हलका आणि ओढताना जड, तोही मध्ये कुठे रिकामा न जाता, असा हवा. वरचा नट आवळताना चकचकीत दांडा पक्कडीत धरू नका. एक ओरखडा पडला की सील गळायला लागतं.

चाकांची अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. साधारण ५०० किलोमीटरनंतर, गाडी चाकांवर उभी असतानाच, प्रत्येक बोल्टला पुन्हा पाना लावा.