एस्टोनियन 'तुब्ली' कधी आणि कुणाला म्हणायचं

एस्टोनियात चार दिवस राहिलात तरी 'तुब्ली' हा शब्द कानावर पडणारच. उच्चार करताना जोर पहिल्या अक्षरावर द्यायचा आणि ब इतका हलका की जवळजवळ प वाटला पाहिजे. अर्थ म्हणाल तर कष्टाळू, गुणी, नेटाने काम करणारा, सगळं थोडं थोडं.

सगळ्यात जास्त वापर कौतुकासाठी, पोराने स्वतःच्या बुटाची लेस बांधली की आई म्हणणार 'तुब्ली पॉइस', म्हणजे शाब्बास रे बाळा. मोठ्यांनाही चालतं, मैत्रीण परीक्षा पास झाली तर 'ओलेद तुब्ली', म्हणजे तू तुब्ली आहेस, म्हणा, आणि समोर बरेच जण असतील तर शेवटी द लावून 'ओलेते तुब्लिद'. फक्त साहेबाला किंवा अनोळखी वयस्कर माणसाला म्हणताना जरा जपून, शाब्बास कसं वरून खाली येतं ना, तसंच हे पण वाटू शकतं!

नवीन शिकणारे काय करतात, चांगलं दिसलं की तुब्ली चिकटवतात. सूप छान झालं तर तिथे 'हेआ', म्हणजे चांगलं, वापरायचं, तुब्ली झालाच तर ते बनवणारा.

आणि एक गंमत, 'तुब्ली तुंद आएगा' म्हणजे गुणी तास नाही हं, चांगला तासभर, मोजून वर थोडा जास्तच. त्यातूनच 'तुब्लिस्ती' आलं, म्हणजे बऱ्यापैकी, भरपूर. निरोप घेताना कुणी 'ओले तुब्ली' म्हणालं तर नीट राहा, हिमतीने घे, असं समजायचं.