टीव्ही कार्डाचं चित्र येतंय, आवाज नाही? लिनक्सवर या चुका टाळा

कोल्हापूरच्या खासबागेतल्या कुस्त्यांची जुनी व्हीएचएस टेप टीव्ही कार्डानं (टीव्ही-व्हीसीआरचं चित्र आणि आवाज कॉम्प्युटरात घेणारं कार्ड) कॉम्प्युटरवर उतरवून घेत होतो. पडद्यावर पैलवानांची खडाखडी चाललीय, हलगीवाला जीव तोडून बडवतोय आणि स्पीकर गप्प. शेजारी बसलेले काका म्हणाले, "कार्ड गेलं बघ तुझं." कार्ड गेलं नव्हतं. आवाज येत होता, पण मी भलत्याच दारात उभा होतो.

आपल्या मशीनला एकच साउंड कार्ड आहे असं धरून चालणं, ही पहिली चूक. मदरबोर्डवरचं एक, ग्राफिक्स कार्डाचं एचडीएमआय दुसरं, वेबकॅमचा माइक तिसरा आणि टीव्ही कार्ड चौथं. त्यात टीव्ही कार्ड फक्त आवाज आत घेतं, वाजवत नाही. म्हणून 'एप्ले' (aplay) या वाजवण्याच्या कमांडच्या यादीत ते सापडणारच नाही. रेकॉर्डिंगच्या 'एरेकॉर्ड' कमांडला स्मॉल एल जोडून (arecord -l) बघा. मी एप्लेची यादी बघून दोनदा ड्रायव्हर टाकला, उगाच.

सगळ्यात जास्त छळते ती क्रमांकाची चूक. अल्सा (लिनक्सची आवाजाची यंत्रणा) कार्डांना शून्यापासून नंबर देते, पण ते महाद्वार रोडवर गाडी लावण्यासारखं आहे: आधी आला त्याची जागा. ज्याचं मॉड्यूल (म्हणजे ड्रायव्हर) आधी लोड झालं, तो शून्य. आज टीव्ही कार्ड २ नंबरवर, उद्या लाइट जाऊन आली की तेच शून्यावर, आणि मग गाणीसुद्धा वाजत नाहीत, कारण डीफॉल्ट शून्यच. म्हणून सेटिंगमध्ये नंबर लिहू नका, यादीत दिसणारं कार्डाचं नाव लिहा. शिवाय मॉड्यूलांच्या सेटिंगच्या मॉडप्रोब-डी (/etc/modprobe.d) फोल्डरातल्या फाइलमध्ये टीव्ही कार्डाच्या मॉड्यूलला (माझ्याकडं एसएए७१३४-अल्सा) इंडेक्स उणे २ (index=-2) द्या. मग ते शून्य सोडून मिळेल त्या जागेवर बसतं.

एवढं करूनही शांतता असेल तर अल्सामिक्सर (टर्मिनलमधला आवाजाच्या पट्ट्यांचा प्रोग्राम) उघडा आणि एफ६ दाबून आधी टीव्ही कार्ड निवडा. बरेच जण मदरबोर्डच्याच पट्ट्या वरखाली करत बसतात. एफ४ ने कॅप्चर, म्हणजे आवाज आत घेण्याच्या पट्ट्या, उघडा. माझ्या कार्डात ट्यूनरसाठी (टीव्हीचं चॅनल पकडणारा भाग) 'व्हिडिओ' आणि बाहेरच्या पिनांसाठी 'लाइन' असे पर्याय आहेत. हवा तो स्पेसनं चालू करा.

'डिव्हाइस बिझी' आलं तर पल्सऑडिओ किंवा पाइपवायरनं (सगळ्या प्रोग्रामांचा आवाज सांभाळणाऱ्या सेवा) कार्ड धरून ठेवलेलं असतं. त्यांच्या सेटिंगचा प्रोग्राम पॅव्हूकंट्रोल, त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये टीव्ही कार्ड 'ऑफ' करा, सुटेल. रेटवरून (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे) अडलं तर कार्डाच्या नावाआधीच्या 'एचडब्ल्यू'च्या (hw) जागी 'प्लगएचडब्ल्यू' (plughw) लिहा. या चिपवर ट्यूनरचा आवाज ३२००० हर्ट्झलाच येतो, आपण सवयीनं ४४१०० मागतो. प्लगवालं ते परस्पर बदलून देतं.

काही जुनी टीव्ही कार्डं पीसीआयमधून (मदरबोर्डवरच्या ज्या खाचेत कार्ड बसतं ती) आवाज देतच नाहीत. त्यांच्या मागच्या भोकातून छोटी वायर साउंड कार्डाच्या निळ्या लाइन-इनमध्ये जाते. ती लावली असेल तर अल्सामिक्सरात 'लाइन'खाली एमएम दिसतंय का बघा. दिसलं तर एम दाबा, म्यूट निघतं.

आणि हो, व्हीसीआरची पिवळी पिन फक्त चित्राची. आवाज लाल-पांढऱ्यातून येतो. माझी पांढरी पिन टेबलामागं लोंबत होती, आणि ती काकांनाच दिसली.