अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा कसा वाचावा

जाहीरनामा हाती घेण्यापूर्वी अमेरिकी वसाहतींवर कर लादणाऱ्या १७६५ च्या ब्रिटिश मुद्रांक कायद्यापासून एप्रिल १७७५ मधील ब्रिटिश सैन्याशी झालेल्या लेक्सिंग्टनच्या चकमकीपर्यंतचा घटनाक्रम समजून घ्यावा, कारण युद्ध सुरू होऊन वर्ष उलटल्यावर हा मजकूर लिहिला गेला. समतेच्या प्रसिद्ध वाक्यापाशीच न थांबता ब्रिटनचा राजा तिसरा जॉर्ज याच्याविरुद्धच्या तक्रारी सावकाश वाचाव्यात आणि प्रत्येक तक्रारीमागचा कायदा किंवा प्रसंग शोधावा; खरा इतिहास तिथेच दडलेला आहे. स्वातंत्र्याचा ठराव २ जुलै १७७६ रोजी संमत झाला, मजकूर ४ जुलैला स्वीकारला गेला आणि बहुतेक सह्या २ ऑगस्टला झाल्या, म्हणून या तारखांची गल्लत करू नये. जाहीरनाम्याचा मुख्य लेखक थॉमस जेफरसनच्या मसुद्याशी अंतिम मजकूर अवश्य ताडून पाहावा, कारण गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारा, माझ्या मते सर्वांत बोलका परिच्छेद काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, त्यातून वगळला.